निर्जंतुकीकरणाने शस्त्राची धार जाते काय?
दंतचिकित्सेतील ‘बर’च्या निमित्ताने

शालाक्य चिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींकडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. नवा बर चार-सहा वेळा ऑटोक्लेव्हमधून काढला की त्याची धार जाते, मग दात कोरताना जोर लावावा लागतो आणि रुग्ण कळवळतो, अशी ती तक्रार. या तक्रारीतून हळूहळू एक समजूत रूढ झाली आहे. उष्णतेने धार मरते, म्हणून बर टिकवायचा असेल तर तो ऑटोक्लेव्हपासून दूर ठेवावा. स्पिरिटने पुसला, उकळत्या पाण्यातून काढला किंवा एखाद्या जंतुनाशक द्रवात थोडा वेळ बुडवला तरी पुरे, असे काही जण उघडपणे आणि बरेच जण मनातल्या मनात मानतात.

ही समजूत वरवर पाहता व्यवहारी वाटते. तथापि तिचा अर्धा भाग अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेला आहे आणि उरलेला अर्धा रुग्णाच्या जिवाशी खेळणारा आहे. म्हणून वारंवार केलेल्या निर्जंतुकीकरणाचा दंतचिकित्सेतील ड्रिलवर नेमका काय परिणाम होतो, त्यातला किती दोष उष्णतेचा आणि किती आपल्या हातचा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

या विषयाला आज विशेष महत्त्व आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती करून शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकावयाच्या ५८ शस्त्रकर्मांची यादी प्रसिद्ध केली. तीत दंतनिर्हरण आणि रूट कॅनॉल चिकित्सा यांचाही समावेश होता. त्यावरून देशभर वादंग माजला, आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी डिसेंबर २०२० मध्ये कामबंद आंदोलनही केले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु एवढे निश्चित की, जो शस्त्र हाती घेतो त्याने त्या शस्त्राच्या शुद्धीचीही जबाबदारी घेतली पाहिजे. आपल्या अधिकाराचे समर्थन सभेतील भाषणांपेक्षा आपल्या शस्त्रपेटीतून अधिक चांगले होईल.

शस्त्राचे गुणदोष : संहितेची दृष्टी

शस्त्राची धार हा विषय आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात वीस शस्त्रांचे वर्णन येते. दातांवरील शर्करा खरवडण्याचा दंतशंकू त्याच यादीतला. याच अध्यायात शस्त्राचे आठ दोष सांगितले आहेत : वक्र, कुंठ, खंड, खरधार, अतिस्थूल, अत्यल्प, अतिदीर्घ आणि अतिह्रस्व. यांपैकी खरधारता, म्हणजे धारेचा खडबडीतपणा, हा इतर सर्व शस्त्रांत दोष मानला असला तरी अस्थिछेदनाच्या करपत्रासाठी त्याचा अपवाद केला आहे. आजचा बर हा कार्याच्या दृष्टीने करपत्राच्याच जातीचा. त्याचे दाते किंवा कण खडबडीत असतात म्हणूनच तो दंतवल्क कापतो. मात्र कुंठता आणि खंडता हे दोष त्यालाही पूर्णपणे लागू पडतात.

त्याच अध्यायात ‘पायना’चा विचार आहे. पायन म्हणजे शस्त्राला पाजणे. आपल्याकडचा लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ म्हणतो, तेच हे कर्म. क्षार, उदक आणि तैल असे पायनाचे तीन प्रकार सांगून अस्थिछेदनाच्या शस्त्रांसाठी क्षार, मांसछेदनासाठी उदक आणि सिरावेध व स्नायुछेदनासाठी तैल अशी योजना केली आहे. आधुनिक धातुशास्त्रही सांगते की तापलेले पोलाद क्षारयुक्त पाण्यात सर्वांत वेगाने, साध्या पाण्यात त्याहून कमी वेगाने आणि तेलात सावकाश निवते. आणि निवण्याचा वेग जितका अधिक तितका कठीणपणा अधिक, परंतु ठिसूळपणाही अधिक. अस्थीसाठी सर्वांत कठीण शस्त्र आणि स्नायूसाठी चिवट शस्त्र हा क्रम या नियमाशी जुळतो. हा आम्ही लावलेला अर्थ आहे. संहिताकारांनी कारणमीमांसा या शब्दांत केलेली नाही.

चिकित्सास्थानात उदरातून बाहेर आलेल्या मेदोवर्तीचे छेदन अग्नितप्त शस्त्राने करावे असे सांगितले आहे, आणि न तापवलेल्या शस्त्राने छेदन केल्यास पाकाचे भय असते असे टीकाकार डल्हणाने नमूद केले आहे. यावरून प्राचीनांना जंतुशास्त्र अवगत होते असा दावा आम्ही करणार नाही. परंतु न तापवलेले शस्त्र आणि पाक यांचा संबंध आपल्या परंपरेच्या अनुभवात होता, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

ड्रिलचे दोन भाग

आपण ज्याला सरसकट ‘ड्रिल’ म्हणतो त्यात दोन वस्तू असतात. एक हातात धरावयाचा हँडपीस आणि दुसरा त्यात बसवावयाचा बर. या दोहोंवर निर्जंतुकीकरणाचा होणारा परिणाम वेगवेगळा असल्याने त्यांचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो.

हवेच्या दाबावर चालणारा एअरोटर अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आला. आजचे एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतात. या वेगाने फिरणाऱ्या बरचा दांडा अवघा १.६ मिलिमीटर जाडीचा असतो. बर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला साध्या कार्बन पोलादाचा, मंद गतीसाठी. दुसरा टंगस्टन कार्बाइडचा. यात अत्यंत कठीण कार्बाइडचे कण कोबाल्ट धातूने एकत्र बांधलेले असतात आणि हे डोके पुष्कळदा पोलादी दांड्याला जोडलेले असते. तिसरा हिऱ्याचा, यात हिऱ्याचे बारीक कण निकेलच्या मुलाम्याने दांड्याच्या टोकावर पक्के केलेले असतात.

उष्णता धार मारते काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोलाद तापवून एकदम निववले की ते कठीण पण ठिसूळ होते. म्हणून कारागीर ते पुन्हा बेताचे तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतो. कापणाऱ्या हत्यारांसाठी हे दुसरे तापवणे साधारणतः १५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वरच्या तापमानाला केले जाते. यानंतरचा नियम महत्त्वाचा आहे. ज्या तापमानाला हे दुसरे तापवणे झाले, त्याच्या वर शस्त्र पुन्हा गेले तरच त्याचा कठीणपणा उल्लेखनीय प्रमाणात उतरतो. त्याच्या खाली राहिले तर उतरत नाही.

ऑटोक्लेव्हचे तापमान किती? १२१ अंशांना १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे, अथवा १३४ अंशांना किमान तीन मिनिटे. हे दोन्ही आकडे वरील मर्यादेच्या खाली आहेत. टंगस्टन कार्बाइड किंवा हिरा यांच्या दृष्टीने तर हे तापमान नगण्यच. बरच्या टोकाला दात कापताना क्षणोक्षणी जी उष्णता सोसावी लागते तिच्यासाठीच हे पदार्थ निवडलेले आहेत. तेव्हा केवळ वाफेच्या उष्णतेने पोलाद मऊ पडते व धार जाते, हे म्हणणे टिकत नाही.

कोरड्या उष्णतेत, म्हणजे हॉट एअर ओव्हनमध्ये, १६० अंशांना दोन तास किंवा १७० अंशांना एक तास ठेवावे लागते. तेथे पाणी नसल्याने गंजाचे भय नाही, परंतु कमी तापमानाला पाणी दिलेले हलके पोलाद त्या सीमेजवळ येते. स्पिरिटच्या दिव्यावर शस्त्र लाल होईपर्यंत धरणे मात्र धारेचा खरोखरच नाश करते, कारण तेथे तापमान शेकडो अंशांवर जाते. हीच गोष्ट पाहून ‘उष्णतेने धार मरते’ ही समजूत रुजली असावी आणि पुढे ती ऑटोक्लेव्हच्याही माथी मारली गेली असावी.

खरा शत्रू : ओलावा, क्षार आणि रक्त

मग ऑटोक्लेव्हमधून निघालेला बर तपकिरी आणि बोथट का दिसतो? याचे उत्तर उष्णतेत नसून तिच्या संगतीने येणाऱ्या पाण्यात आहे.

कार्बन पोलाद वाफेत गंजते. गंज धारेच्या अगदी टोकापासून सुरू होतो, कारण तेथे धातूची जाडी सर्वांत कमी असते. असे बर वाफेसाठी योग्यच नव्हेत. स्टेनलेस स्टील टिकते ते त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरामुळे. क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, हा थर ठिकठिकाणी भेदतो आणि तेथे सूक्ष्म खड्डे पडतात. रक्त, लाळ, नॉर्मल सलाइन, हायपोक्लोराइट आणि बोअरचे पाणी या सर्वांत क्लोराइड असते. धारेच्या शस्त्रांचे स्टेनलेस स्टील हे चिमटे वा थाळ्या यांच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा गंजाला लवकर बळी पडते, हेही ध्यानात ठेवावे. कठीणपणा मिळवताना गंजप्रतिकार थोडा सोडावा लागतो.

कार्बाइडचे कण स्वतः गंजत नाहीत, परंतु त्यांना बांधून ठेवणारा कोबाल्ट आणि डोके व दांडा यांचा सांधा यांवर क्षारयुक्त ओलाव्याचा परिणाम होतो. बांधणी सैल झाली की कण निखळतात आणि संहितेतला ‘खंड’ दोष उत्पन्न होतो. हिऱ्याच्या बरमध्ये हिरा अबाधित राहतो. परंतु कणांमधल्या फटींत दंतचूर्ण व रक्त साचून वाफेत भाजले गेले तर तो बर गुळगुळीत वाटू लागतो. येथे धार गेलेली नसते, ती झाकली गेलेली असते. नीट घासून स्वच्छ केलेला असाच बर पुन्हा कापू लागतो.

आमच्या चिकित्सालयातील एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. काही महिने आमचे बर वरचेवर डागाळत होते. आम्ही ऑटोक्लेव्हला दोष दिला, मग बर पुरवणाऱ्याला दिला. एका सायंकाळी उशिरापर्यंत थांबलो असता लक्षात आले की, वापरलेले बर सकाळपासून सलाइनच्या वाटीत पडून राहत, रात्री ते बोअरच्या पाण्याखाली धरले जात आणि ओलेच ऑटोक्लेव्हमध्ये जात. शिवाय ज्या थाळीत ते ठेवले जात तिच्या कडा गंजलेल्या होत्या. गंजलेल्या धातूच्या संगतीत चांगल्या धातूवरही डाग उतरतात. त्याहून गंभीर बाब पुढे कळली. ‘चांगले बर खराब होऊ नयेत’ म्हणून साहाय्यकाने दोन-तीन आवडते बर ऑटोक्लेव्हमध्ये घालणेच सोडून दिले होते. ते स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णासाठी ठेवले जात. तो मुलगा कामचुकार नव्हता. त्याने आमच्याच तोंडून ‘ऑटोक्लेव्हने धार जाते’ हे वाक्य अनेकदा ऐकले होते. दोष त्याचा नव्हता, आमच्या वाक्याचा होता.

सोलापूरचे पाणी

सोलापूरकरांना पाण्याविषयी वेगळे सांगावयास नको. उजनीचे पाणी असले तरी कित्येक वर्षे शहराच्या बहुतेक भागांत ते काही दिवसांच्या अंतरानेच येत आले आहे. मधल्या दिवसांची गरज बोअरवर भागवण्याची सवय घरांप्रमाणेच दवाखान्यांनाही लागली. काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. चहाच्या पातेल्याच्या तळाशी बसणारे पांढरे पुट आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेच पुट ऑटोक्लेव्हच्या तापणाऱ्या नळीवर, झडपेत आणि शस्त्रांच्या खाचांत बसते. झडप अडली की आतली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही, आणि हवा अडकली की दाबमापकाचा काटा १५ पौंडांवर असूनही आतील तापमान १२१ अंशांपर्यंत पोहोचत नाही. अर्थात जड पाण्याने शस्त्र खराब होते आणि निर्जंतुकीकरणही अपुरे राहते.

म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये केवळ ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच घालावे. एका खेपेला ते फारसे लागत नाही. शस्त्रे शेवटी धुण्यासाठीही तेच वापरावे.

उकळण्याविषयीही दोन शब्द. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी शंभर अंशांच्याही किंचित खालीच उकळते. परंतु शंभर अंशांनाही धनुर्वातासारख्या जंतूंची बीजाणुरूपे खात्रीने मरत नाहीत. तेव्हा उकळणे हे निर्जंतुकीकरण नव्हेच. शिवाय जड पाण्यात उकळल्याने धारेवर पुट चढते ते निराळेच.

झीज वापराची, आळ ऑटोक्लेव्हवर

येथे तर्काची एक चूक दाखवावीशी वाटते. बर ऑटोक्लेव्हमध्ये जातो तो वापरल्यानंतरच. वापर आणि निर्जंतुकीकरण या दोन घटना नेहमी जोडीने घडतात. त्यामुळे दहा खेपांनंतर बोथट झालेला बर पाहून आपण दहा वेळच्या वाफेला दोष देतो आणि दहा वेळच्या कापण्याचा विसर पडतो. दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्यावर लाखो फेरे घेणारा बर झिजणारच.

परिणाम वेगळे करावयाचे तर तीन गट हवेत : केवळ वापरलेले, केवळ ऑटोक्लेव्ह केलेले आणि दोन्ही केलेले. अशा पद्धतीने प्रयोगशाळांत झालेल्या कामांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. बरचा पदार्थ, बनावट आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत यांनुसार ते बदलतात. तरीही सर्वसाधारण चित्र असे दिसते की, झिजेचा मोठा वाटा कापण्याचाच असतो. हा पडताळा कोणीही घेऊ शकतो. एकाच पेटीतले दोन नवे कार्बाइड बर घ्यावेत. एक न वापरता डिस्टिल्ड वॉटरच्या वाफेतून दहा वेळा काढावा, दुसरा तसाच ठेवावा. नंतर काढून टाकलेल्या दातावर दोन्ही चालवून भिंगाखाली पाहावेत. मनातील शंका फिटण्यास एवढे पुरेसे आहे.

बोथट बरचे मोल रुग्ण देतो

याचा अर्थ बर कितीही काळ वापरावा असा नाही. बोथट बर कापत नाही, तो घासतो. आणि घासण्याने उष्णता निर्माण होते. माकडांवर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुपरिचित प्रयोगात दंतमज्जेचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांतील मज्जा मृत झाल्याचे आढळले. अस्थीविषयी स्वीडिश संशोधकांनी १९८३ मध्ये सशांवर केलेल्या कामातून ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले तरी अस्थीला इजा पोहोचते असे दिसले. शरीराचे स्वाभाविक तापमान लक्षात घेता हे अंतर दहा अंशांचेच आहे. बोथट बर, वाढवलेला जोर आणि अपुरा पाण्याचा फवारा हे तिन्ही एकत्र आले तर ते ओलांडण्यास वेळ लागत नाही.

आपल्याकडे येणारा रुग्ण पुष्कळदा यंत्रमागावरचा कामगार असतो किंवा घरी बिडी वळणारी भगिनी असते. दात दुखला म्हणून एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी जाते. आपण वाचवलेल्या बरमुळे त्या दातातील मज्जा होरपळली, तर पुढच्या खेपांचा खर्च, वेदना आणि बुडालेली मजुरी हे सर्व तिच्या पदरी येते. बचत आपली आणि भुर्दंड रुग्णाचा, असा हा व्यवहार आहे.

हँडपीसचा विचार

हँडपीसच्या बाबतीत ऑटोक्लेव्हविषयीची भीती अगदीच निराधार नाही. त्याच्या डोक्यात अतिसूक्ष्म बेअरिंग, रबरी कडी आणि बर पकडणारी पकड असते. वारंवार वाफेत गेल्याने रबर कडक होते, वंगण वाहून जाते आणि ओलावा राहिल्यास बेअरिंग गंजते. अशा वेळी फेऱ्यांचा वेग घटतो, आवाज कर्कश होतो आणि बर डगमगतो. परंतु येथेही हानीचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे. ऑटोक्लेव्हपूर्वी आतून स्वच्छता आणि तेल, तेलानंतर काही क्षण हँडपीस चालवून जादा तेल बाहेर काढणे, निर्मात्याने सांगितलेले तापमान न ओलांडणे आणि बाहेर काढल्यावर पूर्ण निवेपर्यंत न चालवणे, एवढे पाळले तरी त्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. तापलेला हँडपीस गार पाण्यात बुडवण्याची घाई कधीही करू नये.

हँडपीस बाहेरून पुसणे का पुरत नाही? एअरोटर थांबताना त्याच्या डोक्यात क्षणभर उलट ओढ निर्माण होऊन तोंडातील लाळ व रक्त आत शोषले जाऊ शकते. पुढच्या रुग्णाच्या तोंडात तेच फवाऱ्याबरोबर बाहेर पडते. हे ध्यानात आल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने १९९३ मध्ये प्रत्येक रुग्णानंतर हँडपीसचे उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची शिफारस केली. हँडपीस पोकळ असल्याने आतील हवा आधी खेचून घेणारा निर्वात ऑटोक्लेव्ह त्यासाठी अधिक भरवशाचा.

एका चिमट्याची गोष्ट

शस्त्राच्या शुद्धीतील एका क्षणाची हयगय काय करू शकते याचे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. प्लेगच्या काळात मुंबईत परळ येथील प्रयोगशाळेत हाफकिन यांची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी ती टोचली गेली. त्यांपैकी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. प्रथम ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. परंतु गावात ती बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो बूच काढण्यास वापरला गेला, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. हाफकिन यांची निर्दोषता मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. एक शास्त्रज्ञ पाच वर्षे कलंक वागवीत राहिला आणि १९ जीव गेले, ते एका चिमट्यापायी. आपल्या ट्रेमधला बर त्या चिमट्याहून लहान आहे, परंतु तो रक्ताच्या अधिक जवळ जातो.

आचरणाचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम आम्ही आमच्या चिकित्सालयात पाळतो.

१. वापरलेला बर कोरडा पडू देत नाही आणि सलाइनमध्येही ठेवत नाही. साध्या स्वच्छ पाण्यात किंवा एन्झाइमयुक्त द्रवात तो थोडाच वेळ ठेवतो.

२. जाड हातमोजे घालून मऊ ब्रशने किंवा अल्ट्रासॉनिक पात्रात त्याची स्वच्छता करतो. अस्वच्छ शस्त्र निर्जंतुक होत नाही, केवळ भाजले जाते. हँडपीस मात्र अल्ट्रासॉनिक पात्रात कधीही घालत नाही.

३. डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पूर्ण वाळवून, भिंगाखाली पाहतो. डाग, तुटका दाता किंवा वाकडा दांडा दिसला तर बर तेथेच बाद.

४. कार्बन पोलाद आणि स्टेनलेस स्टील एका थाळीत ठेवत नाही. गंजलेली थाळी वापरत नाही.

५. पाऊचमध्ये बंद करून, ऑटोक्लेव्ह दाटीवाटीने न भरता, हवा पूर्ण बाहेर काढून मगच वेळ मोजतो. शेवटी पाऊच वाळू देतो. पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता पोहोचली एवढेच कळते. म्हणून ठरावीक काळाने बीजाणूंची चाचणीही करवून घेतो.

६. प्रत्येक बरच्या वापराची नोंद ठेवतो. किती खेपा हा आकडा सर्वांसाठी एक असू शकत नाही. निर्मात्याची सूचना प्रथम, आणि कापण्यास नेहमीपेक्षा अधिक जोर लागू लागला की आकड्याची वाट न पाहता बर काढून टाकावा. एकदाच वापरण्यासाठी म्हणून आलेला बर पुन्हा वापरू नये.

७. बाद झालेला बर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात टाकतो.

ग्लुटाराल्डिहाइडविषयी एक खुलासा आवश्यक आहे. २ टक्के द्रावणात वीस-तीस मिनिटे बुडवणे हे उच्च प्रतीचे जंतुनाशन झाले. निर्जंतुकीकरणासाठी साधारण दहा तास लागतात. रुग्ण खुर्चीत वाट पाहत असताना हे शक्य नसते. त्यावरचा साधा उपाय म्हणजे बरचे दोन-तीन संच ठेवणे. घाई हीच निर्जंतुकीकरणाची खरी शत्रू आहे आणि जादा संच हेच तिच्यावरचे औषध.

समारोप

निर्जंतुकीकरणाने धार जाते काय, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. योग्य धातू, स्वच्छ शस्त्र, क्षारविरहित पाणी आणि पुरते वाळवणे असेल तर वाफेने होणारी हानी अल्प असते. धार प्रामुख्याने वापराने जाते. अस्वच्छता, मीठ आणि ओलावा असेल तर तीच वाफ शस्त्राचा नाश करते, परंतु तेथेही अपराधी वाफ नसून आपली हयगय असते. आणि धार वाचवण्यासाठी निर्जंतुकीकरण टाळणे हे कोणत्याही स्थितीत क्षम्य नाही. गेलेली धार बाजारातून नव्या बरच्या रूपाने परत आणता येते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेलेला रोग परत आणता येत नाही.

सुश्रुताचार्यांनी शस्त्राची धार शिळेवर पाजवून शाल्मलीच्या फळीवर राखण्यास सांगितले आणि रोम छेदील एवढे तीक्ष्ण झाल्यावरच ते कर्मात योजावे असा दंडक घातला. बोथट शस्त्र चालवून घेण्याची मुभा त्यांनी दिली नाही. आजच्या बरला आपण शिळेवर पाजवू शकत नाही. त्याला वेळीच निरोप देणे हेच आजचे पाजवणे. आमच्या चिकित्सालयात ‘ऑटोक्लेव्हने धार जाते’ हे वाक्य आम्ही उच्चारणे बंद केले आहे. आपल्या साहाय्यकासमोर आपण काय बोलतो, याचा विचार प्रत्येक वैद्याने करावा, एवढीच विनंती.